हेडमास्तरांच्या दारावरची चिक

चिक खाली सोडली की बाहेरच्यांनी आत बघायचं नाही, आतल्यांनी बाहेर बोलायचं नाही, आणि असं का, हे कुणी कधी विचारायचं नाही.

शाळेत आले त्या पहिल्याच दिवशी हा नियम मला ऐकवला गेला. ऐकवणारं होतं हेडमास्तरांच्या खोलीतलं सागवानी कपाट. ते दरबारच्या काळातलं, त्यामुळे या खोलीत पहिला बोलण्याचा मान आपलाच, असं त्याला वाटे.

मी विचारलं, "का पण?"

कपाटाची दोन्ही दारं करकरली. "आत्ताच काय सांगितलं तुला?"

तर मी ती चिक बोलतेय. बांबूच्या कामट्यांची, सुतळीनं विणलेली, कडेला हिरवा गोट असलेली. कुणी कुणी मला पडदा म्हणतात, ते मला आवडत नाही. पडदा वाऱ्याला अडवतो. मी त्याला गाळून आत घेते.

माझा जन्म जुन्या इंदूरमधला. द्वारकाबाई नावाच्या बुरूडणीनं मला ओट्यावर बसून विणलं. हात कामट्यांवर आणि डोळे रस्त्यावर, अशी तिची तऱ्हा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हटकायची. "काय हो, कुठे निघालात? एवढ्या घाईत का? भांडून आलात की काय?" लोक चिडायचे, पण उत्तर देऊनच पुढे जायचे. तिच्या हाताखालून निघालेल्या सगळ्याच चिकांना ही खोड लागली, की मला एकटीलाच, ते माहीत नाही. मला मात्र लागली.

तिथून मी एका कॉलेजात गेले. व्हरांड्याच्या बाजूच्या वर्गावर मला टांगलं होतं. इतिहास ऐकला, भौतिकशास्त्र ऐकलं, इंग्रजी कविता ऐकल्या, त्या ऐकताना पेंगणारी मुलंही पाहिली. मला पदवी कुणी दिली नाही, पण माझ्याइतकी पूर्ण हजेरी त्या कॉलेजात एकाही विद्यार्थ्याची नसेल. एक तरुण प्रोफेसर तास संपताना रोज विचारत, "काही शंका?" मुलं घड्याळाकडे बघत. मला मात्र ढीगभर शंका असत.

मग मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, कपाटं आणि खुर्च्यासुद्धा ट्रकात भरून गेल्या. त्या उलथापालथीत कॉलेजाला कापडी पडदे मिळाले आणि मी टांग्यात पडून या सरकारी शाळेत आले.

शाळा आठवी पास झालेल्या मुलांना नववीत घेते. नवी विज्ञान शाखा नुकतीच उघडली होती. भिंतीला अजून चुन्याचा वास येत होता, प्रयोगशाळेत काचेची भांडी भुशातून काढून मांडत होते. मुलींनाही इथे प्रवेश होता, आणि ही मोठी गोष्ट होती. मुलींच्या शाळेत विज्ञान नव्हतं, गृहविज्ञान होतं. ज्या मुलीला फिजिक्स शिकायचं असेल तिनं इथे यायचं, नाहीतर शिवण-टिपण आणि मुरंबे. जागा थोड्या, येणारे खूप. म्हणून आधी लेखी परीक्षा, मग माझ्याआड तोंडी परीक्षा. दोन्हींना मार्क सारखेच ठेवलेले. नावं तेवढी बाहेर लावायची, मार्क कुणाला सांगायचे नाहीत.

तोंडी परीक्षा घ्यायला हेडमास्तर कृष्णराव बसत, आणि त्यांच्या शेजारी शाळा समितीचे जयसिंगराव. कृष्णराव सज्जन माणूस, पण वडीलधारं कुणी बोललं की त्यांची मान आपोआप हलायला लागे. जयसिंगरावांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, दरबार गेला, आता राजधानीही गेली. जयसिंगरावांपाशी उरली होती ती माणसांची ओळख. कुणाची मुलगी कुणाकडे दिली, कुणाचा मामा कुठे ठाणेदार होता, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांचा मला राग यायचा, पण हेही खरं की ते लबाड नव्हते. आपण मुलांची परीक्षा घेतोय असंच त्यांना मनापासून वाटे.

परीक्षा कशी घेत, ते सांगते. दिवसा मी खाली असले की आतल्यांना बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरच्यांना आतलं काही दिसत नाही. व्हरांड्यात मुलं रांगेत उभी. आया त्यांचे केस सारखे करतायत, बाप टोप्या नीट करतायत, आणि आपल्याला कुणी बघतंय याचा त्यांना पत्ताही नाही. आत जयसिंगराव खुर्ची माझ्याजवळ ओढून बसत. एका वर्षीचं सांगते.

"तो बघा, कृष्णरावजी, रांगेत शेवटून दुसरा. नाक बघा त्याचं. मोहित्यांचाच असणार."

"कशावरून?"

"असं नाक इंदूरमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही हो. पक्कं मोहित्यांचं."

म्हणजे मुलगा आत यायच्या आधीच अर्धा पास झालेला असे. का? नाकाचा आणि फिजिक्सचा काय संबंध? मी कपाटाला विचारलं. कपाटानं दारं घट्ट मिटून घेतली.

त्याच वर्षी खोलीत एक तिसरी खुर्ची आली. तिच्यावर अरुंधतीबाई बसल्या. नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या, विज्ञान शिकवायला नेमलेल्या. बोलताना त्यांचा हात चालायचा आणि हातातली पेन्सिलही चालायची. पहिल्याच दिवशी कृष्णरावांनी त्यांना तो नियम सांगितला. तोच, चिकेचा. त्या म्हणाल्या, "का, सर?" मी इतकी खूश झाले की वारा नसताना हलले.

"पद्धत आहे," कृष्णराव म्हणाले. "भांडणं होतात."

परीक्षा सुरू झाली. दुपारपर्यंत बाकीच्या जागा भरल्या. एकच उरली. मुलं उरली दोन.

पहिला आत आला तो नाकवाला मुलगा. गोरा, हसरा, खिशात शेंगदाणे.

"नाव काय रे?" जयसिंगरावांनी विचारलं.

"शाम मोहिते."

"कुठले मोहिते? छत्रीबागेतले?"

"हो."

"मग बाबूराव तुझे कोण?"

"आजोबा."

"अरे भिया!" इंदुरात भाईला भिया म्हणतात. जयसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "कृष्णरावजी, मी म्हटलं नव्हतं? बाबूराव आणि मी एका ताटात जेवलेली माणसं आहोत. तुझी आत्या देवासला दिली ना? म्हणजे बाळ, तू आमच्या धाकट्या काकूंचा चुलत नातू लागतोस!"

नातं लागायला वेळ गेला. मग कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, ते निघालं. शेवटी अरुंधतीबाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. "पाणी किती डिग्रीला उकळतं?"

शामनं विचार केला. "गरम झालं की उकळतं."

दोघे म्हातारे खो खो हसले. "हजरजबाबी आहे! हुशार आहे!" आणि जयसिंगरावांनी शिपाई दिनानाथला मागच्या दारानं पाठवलं. "जा, बाबूरावांना बोलावून आण. म्हणावं, चहाला या. किती दिवसांत भेट नाही."

मग दुसरी. सावळी, उंच, वेणीला लाल रिबन, पायात चप्पल नाही. बहुतेक ती बाहेर काढून आली असावी, देवळात जाताना काढतात तशी.

"नाव?"

"भानुमती."

"कुठून आलीस?"

"परदेशीपुऱ्यातून."

"ते झालं. मूळचे कुठले?"

"मूळची... माझा जन्म इथलाच आहे."

"तुझे मामा कोण? काका? इथे कुणी ओळखीचं?"

"मामा खानदेशात असतात. बाबा मिलमध्ये बॉयलरवर आहेत. आणि आईला सगळे ओळखतात. सखुबाई."

जयसिंगरावांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. सखुबाई त्यांना कुठे सापडेना. त्यांचा चेहरा खरोखर पडला. एखाद्याला गाव शोधूनही सापडू नये, तसा.

अरुंधतीबाईंनी तोच प्रश्न विचारला.

"शंभर डिग्रीला," भानुमती म्हणाली. मग थांबली आणि तिनं ओठ चावला. "पण बाई, एक विचारू? बाबांच्या बॉयलरवर काटा असतो. तो शंभरच्या पुष्कळ वर जातो. तरी आत पाणी असतंच. सगळ्याची वाफ का नाही होत?"

अरुंधतीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कारण आत दाब..."

"प्रश्न आम्ही विचारायचे, बेटा," जयसिंगराव म्हणाले. "जा तू."

ती गेली. म्हणजे बाहेर जाऊन आईशेजारी उभी राहिली. माझ्या फटींतून मला दिसलं, ती बोटांनी हवेत बॉयलर काढून सखुबाईंना काहीतरी समजावत होती.

आत अरुंधतीबाई विचारत होत्या, "हिला तोंडीत एवढेसे मार्क? कशासाठी?"

"ओळख लागली नाही हो तिची," जयसिंगराव सरळपणे म्हणाले. "घरचं वळण कसं, माणसं कशी, काय कळणार?"

"तिला विज्ञानात घ्यायचंय. सून करून घ्यायचं नाहीये."

कृष्णरावांना ठसका लागला. जयसिंगराव रागावले नाहीत, उलट समजुतीनं बोलले. "बाई, तुमचं वय लहान आहे. मुलगी चांगली आहे, मी कुठे नाही म्हणतो? लेखीत जास्त आहेत ना तिला? ठीक आहे. पण बाबूरावांचा नातू सोडून मी कोणाला घेऊ? उद्या छत्रीबागेत तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात मागच्या दारानं बाबूराव आले. पांढऱ्या मिशा, काठी, गळ्यात उपरणं. मिठ्या मारून झाल्या. पोहे आले, वर शेव आली. चौथी खुर्ची आली आणि ती परीक्षकांच्या रांगेतच मांडली गेली, कारण टेबलाच्या त्या बाजूला पंखा होता. यातही लपवाछपवी नव्हती बरं का. पाहुणचार होता. माझी मती गुंग झाली. एवढ्या चांगल्या माणसांच्या हातून, पोहे खाता खाता, एका मुलीचं फिजिक्स जाणार होतं, आणि कुणाला आपण काही वाईट करतोय असं वाटतसुद्धा नव्हतं.

आणि मग आभाळ भरून आलं.

भर दुपारी खोलीत इतका काळोख झाला की कृष्णरावांना कागद दिसेना. "दिनानाथ, दिवा लाव रे."

दिनानाथनं बटण दाबलं. टेबलावरचा मोठा दिवा लागला.

माझ्या जातीची ही एक गोष्ट या दोघा म्हाताऱ्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती, कारण परीक्षा नेहमी लख्ख उजेडात व्हायची. उजेड ज्या बाजूला असतो, ती बाजू माझ्यातून दिसते. बाहेर अंधार आणि आत दिवा, म्हणजे आता आतल्यांना बाहेरचं काही दिसेना, आणि बाहेरच्यांना आतलं सगळं दिसू लागलं. मी काहीच केलं नव्हतं. होते तशीच लोंबत होते.

व्हरांड्यातली कुजबुज थांबली. एकेक जण पुढे सरकला. त्यांना दिसलं, परीक्षकांच्या रांगेत एक मिशावाले गृहस्थ बसलेत. पोह्यांवर लिंबू पिळतायत. जयसिंगराव त्यांच्या पाठीवर थाप मारतायत.

"ऐ बाई," सखुबाई शेजारणीला म्हणाल्या, "तो बुढ्ढा कोण आहे? तो पण इम्तिहान घेतो काय?"

"ते माझे आजोबा!" शाम आनंदानं ओरडला. "आजोबा! मी इकडे आहे!"

आत बाबूरावांचा हात लिंबासकट थांबला. "आवाज शामचाच ना? त्याला कसं कळलं मी इथे?"

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांनाच कळलं, दादा. शेव पण दिसते आहे."

व्हरांड्यात हशा पिकला, पण ते नुसतं हसू नव्हतं. त्याच्या तळाशी राग होता. सखुबाई माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या कामट्यांना लागत होता. "साहेब, मी सकाळपासून खडी आहे. पोरीचे आजोबा नाही, वारले. ते नाही येऊ शकत. तर मग मी येऊ का आत?"

आत एकच धांदल उडाली.

"चिक सोडा!" जयसिंगराव म्हणाले.

"सोडलेलीच आहे, साब," दिनानाथ म्हणाला.

"मग दिवा बंद कर!"

"मग काही दिसणार नाही," कृष्णराव केविलवाणे म्हणाले.

"मग तिच्यावर काहीतरी टाका. ती सतरंजी टाका. उद्या अस्तर शिवून घेऊ. अरुंधतीबाई, बघता काय?"

कोपऱ्यात सतरंजी गुंडाळून ठेवली होती. अरुंधतीबाई उठल्या, त्यांनी ती खांद्यावर घेतली. माझ्याकडे आल्या. मला वाटलं, झालं, आता मला पांघरूण. त्यांनी मला बाजूला सारलं, बाहेर गेल्या, आणि सतरंजी व्हरांड्यात अंथरली. "बसा सगळे. सकाळपासून उभे आहात." मग परत येऊन त्यांनी माझी दोरी धरली आणि हात हात ओढून मला वरपर्यंत गुंडाळलं, दोरी खुंटीला बांधली.

इतकी वर्षं मी दारावर होते, पण परीक्षेच्या वेळी दार असं पूर्ण उघडं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. वरून. फार छान दिसतं.

"हे कोणाच्या हुकमानं?" कृष्णरावांनी विचारलं.

"सर, एकच प्रश्न विचारू या. दोघांना तोच, आणि सगळ्यांसमोर. मामा, काका, कुणी नको."

"ओळख न विचारता मूल कळायचं कसं?" जयसिंगरावांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

"त्याला बोलू द्या की."

कृष्णरावांनी बाहेर पाहिलं. सतरंजीवर बसलेले सगळे चेहरे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांची मान हलली, पण यावेळी जयसिंगरावांच्या बाजूनं नाही. "विचारा."

अरुंधतीबाईंनी विचारलं, "दोरीवरचं ओलं लुगडं वाळतं. पाणी तर उकळलेलं नसतं. मग ते जातं कसं?"

शाम म्हणाला, "ऊन लागतं म्हणून."

"छावमध्ये पण सुखतं रे भिया," मागून कुणाचे तरी वडील म्हणाले.

शामनं मान खाजवली. "हां, सावलीत पण वाळतं खरं. मग मला नाही माहीत." आणि तो हसला. मला तो मुलगा आवडला. त्याच्या आजोबांपेक्षा तो सरळ होता.

 भानुमती सतरंजीच्या एका कोपऱ्याकडे बघत राहिली. मग सावकाश बोलू लागली. "पक्कं नाही माहीत. पण घडी घातलेलं लुगडं उशिरा वाळतं, पसरलेलं लवकर. वारा असला की आणखी लवकर. म्हणजे पाणी वरच्या वरूनच थोडं थोडं निघून जात असणार, न उकळता. वारा त्याला घेऊन जातो. हो ना, बाई?"

अरुंधतीबाईंनी मान वळवून पेन्सिल शोधल्याचं सोंग केलं. त्यांचे डोळे भरले होते.

आज मी याच दारावर आहे, वर गुंडाळलेली. माझ्या घड्यांत धूळ साठते, एक पाल राहायला आली आहे, गोटाचा हिरवा रंग आता फक्त आतल्या बाजूला उरलाय. सागवानी कपाट म्हणतं, तू निकामी झालीस. होऊ दे. तुम्ही मोठी माणसं कुठल्या शाळेच्या निवडीला बसत असाल, तर माझं एकच मागणं आहे. बंद दाराआड काय चालतं, हे मुलांनी विचारलं तर त्यांना पद्धत आहे असं सांगू नका. दार उघडा आणि दाखवा. पण मी गुंडाळलेली राहिले कशी, ते अजून सांगायचं राहिलंच.

भानुमतीचं बोलणं झालं आणि जयसिंगराव उठले. आता त्यांचा आवाज मऊ होता. "ठीक आहे. प्रश्न झाले उघड्यावर. आता निर्णय तरी आत होऊ द्या. चार मोठी माणसं बसू, बोलू, नाव लावू. चिक सोडा."

निर्णय आत! म्हणजे पुन्हा पोहे, पुन्हा देवासची आत्या, पुन्हा छत्रीबागेतलं तोंड. सतरंजीवरच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. भानुमतीनं आईचा पदर धरला.

"मी नाही सोडणार," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"दिनानाथ!"

दिनानाथ कुठेतरी पाणी आणायला गेला होता. जयसिंगराव स्वतःच आले. त्यांनी खुंटीवरून माझी दोरी सोडली आणि हात मोकळा केला.

मी आले नाही.

त्यांनी दोरी हलवली. झटका दिला. दुसरा दिला. बाबूरावांनी काठीचं टोक माझ्या पोटाला लावून मला खाली ओढून पाहिलं. माझी एक कामटी मोडली. नंतर सगळे म्हणाले की दोरी वर कप्पीत अडकली होती. खुशाल म्हणोत. मला माहीत आहे, मी धरून ठेवली होती. नाही म्हणजे नाही. मी खाली येणार नाही.

जयसिंगरावांच्या हातात सैल दोरी लोंबत राहिली. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर, मग कृष्णरावांकडे. बाबूरावांनी काठी खाली टेकली.

"सर," अरुंधतीबाई म्हणाल्या, "इथेच सांगा. मार्कांसकट."

कृष्णरावांनी कागद उचलला, दिव्याजवळ धरला, तोंडीचे जुने मार्क खोडून आत्ताच्या उत्तरांचे मांडले आणि दोघांचेही मार्क मोठ्यानं वाचले. मग नाव वाचलं.

"भानुमती."

सखुबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पहिली टाळी वाजली ती शामची. आणि जयसिंगरावांनी हातातली सैल दोरी परत खुंटीला बांधली.